टोरांटोतील पहिला पत्ता

श्रोतेहो, आयोजकांनी मला 'कॅनडात स्थायिक होताना' असा विषय सुचवला होता. तो मी मुद्दाम लहान करून मागितला. व्हिसा, नोकरी आणि पदव्यांची मान्यता यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले नियम इतक्या वेळा बदलतात, की मी आज सांगितलेले पुढच्या वर्षी खोटे ठरेल. गेली वीस-पंचवीस वर्षे मी टोरांटो परिसरात राहते आहे आणि या काळात चार घरे बदलली आहेत. त्या अनुभवावर खात्रीने बोलता येईल असा प्रश्न माझ्याकडे एकच आहे, तो म्हणजे तिथे उतरल्यावर राहायचे कुठे.

आधी 'टोरांटो' या शब्दाचा उलगडा करते, कारण पहिली चूक तिथेच होते. आज ज्याला टोरांटो शहर म्हणतात, ते 1 जानेवारी 1998 रोजी जुने टोरांटो, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, एटोबिको, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क या सहा नगरपालिका एकत्र करून झाले. 2021 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 27 लाख 94 हजार होती. भोवतालची मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, मारखमसारखी स्वतंत्र शहरे धरली तर महानगराचा आकडा 62 लाखांवर जातो. पुण्यातून निघणारा माणूस 'टोरांटोला नोकरी लागली' असे सांगतो, तेव्हा त्याचे कार्यालय या 62 लाखांच्या पसाऱ्यात कुठेही असू शकते. म्हणून कंपनीला सर्वांत आधी पोस्टल कोड विचारावा. तो 'एम' या अक्षराने सुरू होत असेल तर कार्यालय टोरांटो शहरात आहे आणि 'एल'ने होत असेल तर शहराच्या बाहेर. या एका अक्षराने तुमची शाळा, तुमची बससेवा आणि तुमच्या गाडीच्या विम्याचा हप्ता, सगळेच बदलते.

मुंबईकरांना यात एक सापळा आहे आणि मीही त्यात अडकले होते. आपल्या डोक्यात उपनगर म्हणजे लोकल असते. ठाण्यात किंवा कल्याणला घर घेतले तरी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत दोन्ही दिशांना गाड्या चालू असतात, हे आपण गृहीत धरतो. टोरांटोतही 1967 पासून 'गो' ही उपनगरी रेल्वे आहे आणि नकाशावर तिच्या रेषा पंख्यासारख्या चहूकडे पसरलेल्या दिसतात. मात्र या रेषा सारख्या नाहीत. ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठाने जाणाऱ्या मार्गावर दिवसभर गाड्या असतात, तर मिसिसॉगाच्या मधून मिल्टनकडे जाणाऱ्या मार्गावर फक्त कामाच्या दिवशी सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी उलट दिशेने गाड्या धावतात, कारण ते रूळ मुळात मालगाड्यांचे आहेत. दुपारी दोन वाजता मूल तापाने फणफणले म्हणून शाळेतून फोन आला, तर तुम्हाला घरी नेणारी गाडी त्या मार्गावर नसते. घराच्या जाहिरातीत मात्र 'गो स्टेशनजवळ' एवढेच लिहिलेले असते.

नकाशाबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, जी मला तिथल्या एका जुन्या बसचालकाने समजावली होती. टोरांटोत पत्ता चौकाने सांगतात. 'किपलिंग आणि फिंच', 'डॉन मिल्स आणि शेपर्ड' असे दोन मोठे रस्ते सांगितले की ऐकणाऱ्याला जागा कळते. पूर्वी या प्रदेशाची मोजणी साखळीने झाली आणि मुख्य रस्ते शंभर साखळ्यांच्या अंतराने, म्हणजे सुमारे दोन किलोमीटरवर, आखले गेले. यंग स्ट्रीटवरून उत्तरेला निघालात तर ब्लूर या आडव्या रस्त्यापासून सेंट क्लेअरचा रस्ता दोन किलोमीटर, तिथून एग्लिंटन दोन, पुढे लॉरेन्स दोन, असे हे माप फिंचच्याही पलीकडे चालत राहते. त्यामुळे नकाशावरचा एक चौकोन म्हणजे पंचवीस मिनिटांची चाल, हे पाठ करून ठेवावे. पुण्यात बसून पाहताना वाण्याचे दुकान पुढच्याच चौकात दिसते. जानेवारीत, उणे बारा अंशांत, बर्फ ओढून रस्त्याच्या कडेला लावलेल्या ढिगाऱ्यांतून बाबागाडी ढकलताना तोच चौक किती लांब आहे ते समजते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आम्ही पोहोचलो ते ऑक्टोबरमध्ये. माझ्या यजमानांच्या एका सहकाऱ्याने मिसिसॉगातील एका घराचे तळघर पाहून ठेवले होते. भाडे आवाक्यातले होते, घरमालक सज्जन होते आणि यजमानांचे कार्यालय गाडीने वीस मिनिटांवर होते. कागदावर यापेक्षा चांगला निर्णय नव्हता. अडचण एवढीच होती, की गाडी एक होती आणि ती सकाळी सातला निघून जायची. मागे राहायचो मी आणि तीन वर्षांची मुलगी. बसथांबा पंधरा मिनिटांवर, बस अर्ध्या तासाने आणि रविवारी त्या रस्त्यावर मुळीच नाही. तळघराची एकुलती खिडकी जमिनीलगत, उत्तरेकडे तोंड करून होती. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टोरांटोत सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. त्या खिडकीने मला तो मावळताना दाखवला नाही आणि उगवतानाही नाही. मार्चपर्यंत मी घरातल्या कोणाशी धड बोलत नव्हते. त्याला कोणी आजार म्हटले नाही, आम्हीही म्हटले नाही. पुढे ज्या घरात गेलो त्याच्या दिवाणखान्याला दक्षिणेची मोठी खिडकी होती, आणि माझे काय बिनसले होते ते मला तिथे आपोआप कळले.

त्या हिवाळ्याने मला जी मोजपट्टी दिली, ती सांगण्यासाठीच मी आज आले आहे. जागा निवडताना कुटुंबात ज्याच्याकडे गाडी नसेल, त्याच्या दिवसावरून ती जोखावी. मिळवत्या माणसाची सोय सगळेच बघतात, आणि त्याला कार्यालयात निदान ऊब, चहा आणि बोलायला माणसे तरी असतात. सोबत आलेली पत्नी, किंवा हल्ली पुष्कळदा पती, लहान मूल, सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील यांचा सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा हा वेळ कसा जाईल, दारातून निघून ते एकटे कुठवर जाऊन परत येऊ शकतील, हा प्रश्न घराचे फोटो बघण्याआधी विचारावा. वाहन चालवण्याचा परवाना लगेच हाती येईल, असेही धरून चालू नका. भारतीय परवान्यावर नव्या रहिवाशाला तिथे 60 दिवसच गाडी चालवता येते. त्यानंतर ऑन्टॅरिओचा, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे त्याचा, टप्प्याटप्प्याचा परवाना काढावा लागतो. भारतातल्या अनुभवाचे अधिकृत पत्र निघण्यापूर्वी आरटीओतून आणले तर त्यातला बराच काळ वाचतो.

आता 'आपली माणसे' या मुद्द्याकडे येते, कारण चहाच्या वेळी मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच असतो. मराठी वस्ती कुठे आहे? प्रामाणिक उत्तर असे, की मराठी वस्ती म्हणावी अशी ती कुठेच नाही. ब्रॅम्प्टन पंजाब्यांचे, स्कारबरोचा मोठा भाग तमिळांचा, असे म्हणता येते. मराठी माणूस मात्र विखरून राहतो आणि गणपतीला, दिवाळी अंकाला, नाटकाला एकत्र येतो. टोरांटोचे मराठी भाषिक मंडळ जुने आहे आणि त्याच्या कार्यक्रमांना लोक तास-तास गाडी चालवत येतात. तेव्हा मराठी शेजारासाठी पत्ता निवडण्यात अर्थ नाही. भारतीय शेजाराला मात्र अर्थ आहे. ब्रॅम्प्टनमध्ये कढीपत्ता, ज्वारीचे पीठ, हिंदी समजणारा डॉक्टर हे सारे हाताशी असते आणि पहिल्या वर्षी त्याचा आधार फार मोठा वाटतो. त्याची किंमतही आहे. तिथले गाडीच्या विम्याचे हप्ते प्रांतातल्या सर्वांत चढ्या हप्त्यांत मोडतात आणि गाडीवाचून तिथे निभावणे कठीण जाते. कढीपत्ता महिन्यातून एकदा आणून फ्रीजरमध्ये ठेवता येतो, एवढे माझे मत नोंदवून मी पुढे जाते.

नवागतांनी ज्या घरांकडे अधिक लक्ष द्यावे आणि जी पाहून ते नाक मुरडतात, ती म्हणजे 1960 आणि 70 च्या दशकांत बांधलेल्या भाड्याच्या उंच इमारती. थॉर्नक्लिफ पार्क, फ्लेमिंग्डन पार्क आणि डॉन मिल्स या वस्त्यांच्या आसपास त्या दाटीने आहेत. बाहेरून त्या उदास दिसतात, लिफ्ट कुरकुरते आणि झुरळांचा त्रासही काही ठिकाणी असतो. आत मात्र खोल्या ऐसपैस असतात, खिडक्या रुंद असतात, खाली बसथांबा असतो आणि मालक एखादी कंपनी असल्याने 'मुलाचे लग्न ठरले, घर रिकामे करा' असे ऐकावे लागण्याची शक्यता कमी असते. नव्या काचेच्या मनोऱ्यांतील कॉन्डो, म्हणजे एकेका मालकाचे वेगवेगळे फ्लॅट, फोटोत सुंदर दिसतात. त्यांच्या जाहिरातीत 'वन प्लस डेन' असे लिहिलेले असते. हे डेन म्हणजे बहुधा बिनखिडकीचा, पुष्कळदा बिनदाराचा कोनाडा असतो. त्यात आईवडिलांची झोपण्याची व्यवस्था करण्याचा बेत आखणारी तीन कुटुंबे मला माहीत आहेत.

जुन्या-नव्या इमारतींत एक कायद्याचा फरकही आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. ऑन्टॅरिओत भाडेवाढीवर सरकार दरवर्षी मर्यादा घालते, परंतु 15 नोव्हेंबर 2018 नंतर प्रथमच वापरात आलेल्या घरांना ती मर्यादा लागू नाही. अशा घरात मालकाला बारा महिन्यांतून एकदा, नव्वद दिवसांची लेखी सूचना देऊन, हवी तेवढी वाढ मागता येते. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी इमारत कोणत्या वर्षी राहती झाली हे विचारावे. करार प्रांताने ठरवलेल्या नमुन्यातच असावा लागतो. मालकाला पहिल्या महिन्याचे भाडे आणि शेवटच्या महिन्याचे आगाऊ भाडे घेता येते. मोडतोडीपोटी आपल्याकडच्यासारखी अनामत रक्कम मागण्याची त्याला मुभा नाही. प्रत्यक्षात नवागताकडे तिथला कर्जफेडीचा इतिहास नसतो, पगाराच्या पावत्या नसतात आणि मग सहा-सहा महिन्यांचे आगाऊ भाडे मागितले जाते. लोक ते देतात, कारण थंडी सुरू झालेली असते आणि हॉटेलचे बिल वाढत असते. भाड्यात 'हायड्रो' धरला आहे का, हेही विचारावे. पहिल्या महिन्यात मी तो पाणीपट्टीचा प्रकार समजले होते. तिथे हायड्रो म्हणजे वीज. जलविद्युतेचे नाव विजेला कायमचे चिकटले आहे.

तळघरांविषयी माझा कडवटपणा तुम्ही ऐकलाच, तरी सरसकट नको म्हणणार नाही. पालिकेकडे स्वतंत्र घर म्हणून नोंद असलेले, आग लागल्यास बाहेर पडण्याची सोय असलेले, दक्षिणेला उजेड असलेले तळघर एकट्या माणसाला वर्षभर पुरते. मात्र ते भारतातून, व्हिडिओ बघून ठरवू नये. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने असे पैसे पाठवले. पत्ता खरा होता, घर खरे होते आणि त्यात राहणाऱ्या बाईंना ते भाड्याने दिल्याचे मुळीच माहीत नव्हते.

शाळा पत्त्यावरून मिळते, त्यामुळे मुले असलेल्यांनी घर आणि शाळा एकत्रच पाहाव्यात. ज्या वर्षात मूल चार वर्षांचे होते त्या वर्षाच्या सप्टेंबरात त्याची सरकारी बालवाडी सुरू होते. परंतु शाळा समोर आहे म्हणून प्रवेश तिथेच मिळेल असे नाही. यंग स्ट्रीटच्या बाजूने जिथे नवे मनोरे उठत आहेत, तिथे शाळा मंडळाने मोठे फलक लावलेले दिसतात. जागेअभावी येथील मुलांना दुसऱ्या भागातील शाळेत पाठवावे लागू शकते, असे त्यांवर स्पष्ट लिहिलेले असते. तेव्हा शाळेच्या कचेरीत फोन करून, घराचा नेमका क्रमांक सांगून विचारावे.

मग करायचे काय, तर पहिला महिना सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, जवळपास, थोडे महाग पडले तरी, तात्पुरत्या जागेत काढावा आणि बसने व पायी शहर पाहावे. फेब्रुवारी 2024 पासून शहराच्या बसमधून उपनगराच्या बसमध्ये किंवा 'गो' गाडीत जाताना दुहेरी भाडे पडत नाही, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शहराच्या बस-सबवेत तिकीट नाही, त्यामुळे ही भटकंती परवडते. पसंत पडलेले घर रविवारी दुपारी तर पाहावेच, पण मंगळवारी सकाळी साडेसातलाही त्याच्या दारापासून थांब्यापर्यंत चालून पाहावे. आणि ते चालणे घरातल्या सर्वांत अडलेल्या माणसाने करावे.

आमचे चौथे घर आम्ही असेच निवडले. 2009 मध्ये सासूबाई उन्हाळ्यासाठी आल्या होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत असे, बोलायला मात्र त्या संकोचत. दुसऱ्या आठवड्यात मी कामावरून परतले तर घराला कुलूप होते. माझा जीव खालीवर झाला. अर्ध्या तासाने त्या कोपऱ्यावरच्या बसमधून उतरल्या. त्या वाचनालयात जाऊन आल्या होत्या आणि परतीच्या बसची कागदी चिठ्ठी त्यांनी रुमालात नीट घडी घालून ठेवली होती. त्यांनी ती मला दाखवली आणि म्हणाल्या, "उद्या जरा लवकर निघेन म्हणते. तिथं खिडकीजवळची खुर्ची लगेच जाते."