राउटर काकांच्या पडवीत

श्रोतेहो, नमस्कार. वेंगुर्ल्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. अर्ध्यात आम्ही, अर्ध्यात काका. इंटरनेटचा राउटर, म्हणजे वायफाय देणारा डबा, काकांच्या पडवीत, बिल निम्मं-निम्मं.

मागच्या चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आले आणि पिशव्या ठेवायच्या आधी सगळ्यांनी वायफायचा पासवर्ड घेतला. पंधरा-वीस फोन, दोन लॅपटॉप. संध्याकाळी पुतण्या माझ्या प्रिंटरवर आरत्या छापायला बसला. आरत्या पाठच हव्यात, हे माझं ठाम मत आहे. आम्ही गणपतीवर बांधलेल्या माटवीखाली मोठ्यांच्या मागून म्हणत म्हणत शिकलो. हातात कागद असला की टाळ वाजवता येत नाहीत.

तर तो प्रिंटर शोधत होता आणि पडद्यावर आला माझा संगणक. त्याने उघडला. आत सातबारा, आईच्या पेन्शनची कागदपत्रं, पासबुकाचे फोटो. माजघरातून त्याने हाक मारली, "काका, तुमचं पासबुक मला कसं काय दिसतंय?" घरभर ऐकू गेलं. माझ्या पोटात गोळा आला. मग आठवलं, मुलीच्या लॅपटॉपवर लग्नाचे फोटो द्यायला मीच तो फोल्डर शेअर केला होता, पासवर्ड विचारणंही बंद केलं होतं. फोटो गेले, दार दोन वर्षं सताड उघडं राहिलं.

पुतण्याने आरत्या छापणं थांबवून ते दार बंद केलं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट'चं 'पब्लिक' केलं. त्यामुळे आपला संगणक इतरांना दिसत नाही. फोल्डरचं शेअरिंगही काढलं.

सांगायचं हे की, राउटर एक असला की त्याला जोडलेली यंत्रं एकमेकांना दिसू शकतात. पाहुण्याच्या लॅपटॉपमधला व्हायरससुद्धा तिथून येऊ शकतो. मे २०१७ मधला वॉनाक्राय नावाचा व्हायरस असाच, कुणी काही क्लिक न करता, एका संगणकातून शेजारच्या संगणकात शिरत होता. त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नाही, ते सापडले. म्हणून अपडेट टाळू नका. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेही बघा.

राउटरच्या सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. आणि 'गेस्ट नेटवर्क', म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, असेल तर पाहुण्यांना तेच द्या.

आता काकूने गेस्टचा पासवर्ड पडवीतल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. घरचा पासवर्ड काका आणि मी, दोघांनाच माहीत आहे.