पाठ, डोळे आणि हृदय

श्रोतेहो, नमस्कार.

पाठ दुखली की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं. गादी सरकली असेल, पट्टा लावा, शेक घ्या. चष्म्याचा नंबर भराभर वाढला की डोळ्यांचे डॉक्टर, छातीत धडधडलं की हृदयाचे. फाइली तीन आणि डॉक्टरही तीन, पण त्या तिघांची गाठ कधी पडत नाही. आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे, तो नेमका या तीन फाइलींत विखुरलेला असतो. त्याचं नाव मार्फन सिंड्रोम. साधारण पाच हजारांत एकाला तो असतो.

आपले सांधे, पाठीचा कणा, डोळ्यातलं भिंग, हृदयातून निघणारी महाधमनी, हे सगळं संयोजी ऊतकांनी, म्हणजे अवयवांना जोडून-सावरून धरणाऱ्या धाग्यांनी, बांधलेलं असतं. बाज विणायचं सुंभच कच्चं निघालं, तर बाज एकाच जागी लोंबत नाही, कुठेही लोंबते. मार्फनमध्ये फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाचं जनुक जन्मापासून सदोष असतं. म्हणून कणा वाकडा होतो, भिंग जागेवरून सरकतं आणि महाधमनी हळूहळू फुगत जाते. पाठ, डोळे आणि हृदय. हे तीन शब्द लक्षात ठेवा.

आता मला तुम्हाला फ्लो हायमनबद्दल सांगायचं आहे.

कॅलिफोर्नियात वाढलेली ही मुलगी बाराव्या वर्षीच सहा फूट उंच झाली होती, आणि पुढे साडेसहा फुटांना जेमतेम एक इंच कमी. लहानपणी तिला या उंचीचा फार संकोच वाटायचा. आपल्याकडेही उंच मुलींना लोक टोमणे मारतात, लग्नाची काळजी बोलून दाखवतात, आणि त्या पोरी पोक काढून चालायला लागतात. हे थांबायला हवं, अगदी आजच्या आज थांबायला हवं. फ्लो मात्र व्हॉलीबॉलकडे वळली आणि तीच उंची घेऊन जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत जाऊन बसली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला, तेव्हा तिची ती संधी हुकली. ती चार वर्षं थांबली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला, म्हणजे स्वतःच्या घरच्या अंगणात, तिच्या संघाने रौप्यपदक जिंकलं.

त्यानंतर ती जपानमध्ये व्यावसायिक संघाकडून खेळायला गेली. २४ जानेवारी १९८६, मात्सुए शहर. सामना सुरू होता. नेहमीसारखी बदली झाली, फ्लो बाकावर येऊन बसली. बसल्या बसल्या सोबतच्या मुलींना धीर देत होती. आणि क्षणात बाकावरून खाली घसरली. वय ३१.

आधी सांगितलं गेलं, हृदयविकाराचा झटका. घरच्यांना ते पटेना. जन्मभर खेळलेली, धडधाकट मुलगी! त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये शवविच्छेदन करायला लावलं आणि तेव्हा कळलं की महाधमनी फाटली होती. कारण मार्फन. उंची, लांब हात, लांब बोटं सगळ्या जगाने पाहिली होती, त्यांचं कौतुकही केलं होतं. पण या सगळ्यामागे एकच आजार असेल, हे कोणी तिला सांगितलं नव्हतं.

त्या घरच्यांच्या आग्रहाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. कारण त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही मार्फन निघाला. त्याच्या महाधमनीवर वेळेत शस्त्रक्रिया झाली.

आई किंवा वडिलांना मार्फन असेल, तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. चारातल्या एका रुग्णाच्या घरात मात्र आधी कोणालाच नसतो, त्यामुळे ‘आमच्या घराण्यात नाही’ म्हणून गाफील राहू नका.

आता पाठीबद्दल. मार्फन असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांचा कणा बाजूला वळलेला असतो. दप्तराच्या ओझ्याने कणा असा कायमचा वाकडा होतो, असं आपण सर्रास म्हणतो, पण ते खरं नाही. शाळेच्या आरोग्य तपासणीत वजन-उंचीसोबत मुलांना पुढे वाकायला लावून पाठ पाहिली, तर एका बाजूचा उंचवटा लगेच दिसतो. एवढं एक मिनिटाचं काम प्रत्येक शाळेने करावं. मोठेपणी काहींच्या कमरेत मज्जारज्जूभोवतीचं आवरण फुगतं. वर्षानुवर्षं कंबर दुखते, डोकं दुखतं, माणूस थकलेला असतो आणि घरचे त्याला आळशी ठरवतात.

ऐकता ऐकता हे करून बघा. अंगठा तळहातावर आडवा ठेवा, त्यावर मूठ मिटा. अंगठ्याचं अख्खं नख करंगळीच्या बाजूने बाहेर आलं का? एवढ्यावरून आजार ठरत नाही. पण त्याच माणसाचा कणा वाकडा असेल, डोळ्यातलं भिंग सरकलेलं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा का? पाठ, डोळे आणि हृदय, तिन्ही फाइली एकाच टेबलावर ठेवून विचारा.

निदान झालं, तर महाधमनीवरचा ताण कमी करणारी औषधं आहेत. ठरल्या वेळी इको करून तिची रुंदी मोजत राहतात, आणि ती फार वाढली तर फाटण्याआधीच शस्त्रक्रिया करतात. जड वजनं उचलणं टाळायचं. मूल हवं असेल, तर दिवस राहण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटायचं. आणि छातीत किंवा पाठीत अचानक, काहीतरी फाटल्यासारखी कळ आली, तर शेक नको, पट्टा नको, सकाळची वाट पाहणं नको. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका आल्या आल्या सांगा, ‘पेशंटला मार्फन आहे.’

नमस्कार.