ओल आलेली भिंत आणि कापलेलं डिपॉझिट

ही भिंत बघा. रत्नागिरीतलं चिऱ्याचं घर, मागची खोली. जून लागला की खालून ओल चढते आणि गणपतीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटायला लागतात. कोकणात राहिलेल्या कुणालाच हे नवीन नाही.

या खोलीत मी दोन वर्षं भाड्याने राहिलो. भाडं 6000, डिपॉझिट 30000. सोडताना घरमालक म्हणाले, भिंती खराब झाल्यात, रंगाचे 9000 कापतो. मी म्हटलं, काका, ओल पावसाची आहे हो, मी काय केलं? ते म्हणाले, राहत तूच होतास ना. माणूस वाईट नव्हता, मी तापाने पडलेलो तेव्हा काकू पेज घेऊन यायच्या, पण कागदावर रंगाबद्दल एक ओळ नव्हती आणि मला पुढच्या खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं, मग 21000 घेतले आणि निघालो.

कायदा वाचला तो नंतर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. त्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी पाहिजे, रजिस्टर केलेला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. केला नाही तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड. आमचा करार नुसता नोटरी केलेला. खरंतर शहरात रजिस्टर करायची फी 1000 रुपये, स्टँप ड्युटी 0.25 टक्के, आता तर घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होतं, तरी लोक टाळतात.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस या कायद्यात भाडेकरू धरलाच जात नाही, तो लायसन्सी, म्हणजे नुसती राहायची परवानगी मिळालेला. घर दुरुस्त ठेवायचं मालकावर बंधन आहे, पाणी-लाईट तोडायला बंदी आहे, पण ते सगळं लिहिलंय भाडेकरूसाठी. दापोलीत कृषी विद्यापीठाला शिकणारी पोरं, लोट्याच्या एमआयडीसीतले कामगार, सिव्हिलच्या नर्सेस, हे बहुतेक सगळे 11 महिनेवालेच, यांनी जायचं कुठे?

फ्रीज बिघडला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावता येतो, 2019 च्या ग्राहक कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. घरभाड्याचं साधं भांडण मात्र तिथे सहसा टिकत नाही. आणि 9000 साठी वकील कोण लावणार?

केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला. घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त 2 महिन्यांचं भाडं. उपजिल्हाधिकारी दर्जाचा भाडे प्राधिकारी, वर भाडे न्यायालय, 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न. आणि कुठली दुरुस्ती कुणी करायची याची यादीच दिलीय, त्यात भिंतींची रंगसफेदी मालकाकडे, वेगळं काही ठरलं नसेल तर. ते वाचताना मला ही भिंतच दिसत होती. पण तो नुसता नमुना, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. राज्याने तो करावा, आणि 11 महिनेवाल्यांना त्यात स्पष्ट नाव घेऊन घ्यावं, माझं एवढंच मागणं आहे.

आता त्या खोलीत एक नर्स राहायला आलीय. तिने सामान लावायच्या आधी चारही भिंतींचे फोटो काढले आणि काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. काकांनी होकाराचा अंगठा, 👍, पाठवलाय. करार अजून रजिस्टर व्हायचाय.