एका रुळावरची जुनी शहरे

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपला जायचे ठरले आणि हाताशी जेमतेम आठ-दहा दिवस असले, की घरोघरी एकच वाद रंगतो: रोम हवे, पॅरिस हवे, आणि एवढ्या लांब जाऊन स्वित्झर्लंड कसे सोडायचे? माझे म्हणणे असे, की नावांची यादी करण्याआधी रेल्वेचा नकाशा उघडावा आणि एकाच मार्गावरची दोन, फार तर तीन जुनी शहरे निवडावीत. पुन्हा सांगतो: मार्ग एकच, आणि शहरे दोन, फार तर तीन. ‘दहा दिवसांत सात देश’ अशा सहलींत माणूस युरोपपेक्षा बसची काचच अधिक पाहतो. आणि तिथेही रोज रात्री पनीर बटर मसालाच का लागतो, हे मला अद्याप उमगलेले नाही, पण ते असो.

उदाहरण म्हणून चेक प्रजासत्ताकातले प्राग, ऑस्ट्रियातले व्हिएन्ना आणि हंगेरीतले बुडापेस्ट घ्या. तिन्ही शहरे एकेकाळी हाब्सबुर्ग या राजघराण्याच्या सत्तेखाली होती. प्रागहून रेल्वेने व्हिएन्ना सुमारे चार तासांवर आहे आणि तेथून बुडापेस्ट तीन तासांच्या आत येते.

प्रागमध्ये व्हल्टावा नदीवर चार्ल्स पूल आहे, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. जुना दगडी पूल 1342 च्या पुरात वाहून गेला, तेव्हा सम्राट चौथ्या चार्ल्सने नवा पूल बांधायला घेतला. मुहूर्ताचे वेड आपल्यालाच आहे असे समजू नका. 1357 साली, नऊ तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटांनी पायाचा दगड बसवला, असे सांगतात; म्हणजे एक, तीन, पाच, सात, नऊ आणि तेथून उलट पुन्हा एकपर्यंत. दंतकथा पुढे अशी, की चुना पक्का धरावा म्हणून त्यात अंडी घालायचे ठरले. एवढी अंडी एकट्या प्रागमध्ये कोठून मिळणार? तेव्हा बोहेमियातल्या, म्हणजे प्रागभोवतीच्या त्या राज्यातल्या, गावोगावी फर्मान गेले आणि अंड्यांनी भरलेल्या गाड्या राजधानीकडे निघाल्या. वेल्व्हारी गावचे लोक मात्र फारच जबाबदार. खाचखळग्यांच्या रस्त्यावर सम्राटाची अंडी फुटली तर काय, या काळजीने त्यांनी ती सगळी कडक उकडून पाठवली! गवंड्याने चुन्याच्या घमेल्यावर अंडे फोडले, तर आत घट्ट पिवळा बलक. दुसऱ्या एका गावाने तर चीज धाडले म्हणे. वेल्व्हारीकरांना ही उकडलेली अंडी पुढे पिढ्यान्‌पिढ्या ऐकावी लागली. आपल्याकडेही जुन्या बांधकामांच्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत असत. अशा भिंतींवर डागडुजीच्या नावाखाली सिमेंट थापणाऱ्यांना एकदा तरी शिक्षा व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. असो. प्रागच्या या पुलाच्या काही कमानी 1890 च्या पुरात पडल्या आणि पुन्हा बांधल्या गेल्या. पूल मात्र आजही पायी ओलांडता येतो. तो पाहायचा तर सूर्योदयाच्या सुमारास, म्हणून मुक्काम जुन्या शहरातच करावा, भाडे थोडे अधिक पडले तरी.

व्हिएन्नाचे जुने शहर ओळखणे सोपे आहे. 1857 मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफने तटबंदी पाडण्याचा हुकूम दिला आणि तिच्या जागी रिंगश्ट्रासे हा रुंद रस्ता झाला; त्याच्या आत जे आहे ते पायी फिरावे. बुडा, ओबुडा आणि पेस्ट 1873 मध्ये एक होऊन बुडापेस्ट झाले. तेथे 1896 मध्ये सुरू झालेली भुयारी रेल्वे अजून धावते आहे.

आठवडाच असेल, तर बुडापेस्ट सोडून द्यावे. तीनही करायची असतील, तर विमानाने प्रागला उतरावे आणि बुडापेस्टहून परतावे, म्हणजे उलटा प्रवास वाचतो. युरो फक्त व्हिएन्नात चालतो. प्रागला कोरुना आणि बुडापेस्टला फोरिंट लागतो. या तिन्ही देशांसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा, एकच पुरतो, पण ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. म्हणून कोणत्या शहरात किती रात्री राहायचे, हे अर्ज भरण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.