डांबरातून निघालेला जांभळा रंग

श्रोतेहो, नमस्कार. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज स्त्रीचा पोशाख म्हटला की कमरेत आवळलेला आणि खाली घुमटासारखा फुललेला झगा डोळ्यांपुढे येतो. हा घेर सांभाळण्यासाठी पूर्वी एकावर एक जाड परकर घालावे लागत, काही तर घोड्याचे केस विणून ताठ केलेले. 1856 मध्ये पोलादी कड्यांचा हलका सांगाडा, म्हणजे क्रिनोलिन, आला आणि ते ओझे उतरले. मात्र हाच घेर शेकोटीच्या विस्तवाला लागून कित्येकींचा जीव गेला, हे त्याच्या कौतुकात विसरता कामा नये.

साल लक्षात ठेवावे, 1856. त्याच साली ईस्टरच्या सुट्टीत लंडनमधील विल्यम पर्किन हा 18 वर्षांचा विद्यार्थी घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत होता. हिवतापावरचे हे औषध सिंकोनाच्या सालीपासून मिळे आणि हिंदुस्थानातील इंग्रजांना त्याची सतत गरज भासे. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीनवर प्रयोग करताना त्याच्या हाती क्विनीन आले नाही, नुसता काळा गाळ आला. भांडे साफ करावे म्हणून त्याने त्यात मद्यार्क घातला, तो काय, सारे द्रावण गडद जांभळे झाले! दुसऱ्या कोणी ते मोरीत ओतले असते. पर्किनने त्यात रेशीम बुडवले, धुऊन पाहिले, उन्हात ठेवले, आणि रंग टिकला. शाळेत रसायनशास्त्र सूत्रांऐवजी अशा रंगीत चिंधीपासून शिकवावे, असे माझे ठाम मत आहे.

नमुना स्कॉटलंडमधील पर्थच्या पुलर या रंगाऱ्यांकडे गेला. कापड फार महागणार नसेल तर हा शोध अतिशय मोलाचा आहे, असे त्यांनी कळवले. वडिलांनी साठवलेला पैसा घातला, 1857 मध्ये ग्रीनफर्ड येथे कारखाना उभा राहिला. जानेवारी 1858 मध्ये थोरल्या राजकन्येच्या लग्नात राणीने फिकट जांभळा, म्हणजे मॉव्ह रंगाचा, मखमली पोशाख केला आणि त्या रंगाची मागणी आणखी वाढली. पोलादाने घेर दिला होता, डांबराने रंग दिला. आणि त्या प्रचंड घेरावर तो रंग वारभर नव्हे, कितीतरी वार झळकू लागला.

डिसेंबर 1861 मध्ये पती अल्बर्ट वारले, तेव्हापासून 1901 मधील स्वतःच्या मृत्यूपर्यंत राणीने शोकाचा काळा वेश सोडला नाही. दुकानांत मात्र मॉव्हच्या पाठोपाठ आलेला भडक मजेंटा खपत राहिला.