इंदिरा नावाची हत्तीण

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय जपानविषयी. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण गेला आणि १९५२ च्या एप्रिलपर्यंत तिथे दोस्त राष्ट्रांची, खरं तर अमेरिकेची, सत्ता होती. जवळजवळ सात वर्षं! सात वर्षं या देशाला स्वतःचं परराष्ट्र धोरणच नव्हतं. पण त्याच काळात टोकियोतल्या शाळकरी पोरांनी थेट दिल्लीशी व्यवहार केला. तोच सांगायचाय.

टोकियोत उएनो नावाचं प्राणिसंग्रहालय आहे. १९४३ साली सरकारी हुकूम आला: हवाई हल्ल्यात पिंजरे फुटले तर हिंस्र जनावरं गावात शिरतील, तेव्हा ती आधीच मारा. तीन हत्ती होते. विषारी बटाटे दिले, त्यांनी खाल्ले नाहीत. मग खाणंपिणंच तोडलं. असं सांगतात, की माणूस दिसला की ते उपाशी हत्ती शिकवलेल्या कसरती करून दाखवायचे. खायला मिळेल म्हणून.

युद्ध संपलं. पोरं उएनोत जायची, तर हत्तीखाना रिकामा. मग त्यांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, चित्रं काढली, आणि एका भारतीय व्यापाऱ्याबरोबर ती पाठवून दिली. आम्हाला हत्ती द्या! (आमच्या लहानपणी मामाला पोस्टकार्ड टाकलं तरी मोठे अक्षर तपासायचे. आता पोस्टाची पेटी कुठे आहे, तेच कुणाला ठाऊक नसतं. असो.)

नेहरूंनी म्हैसूरकडची हत्तीण निवडली आणि तिला आपल्या लेकीचं नाव दिलं: इंदिरा. १९४९ च्या सप्टेंबरात बोटीने ती टोकियोला पोचली. गर्दी म्हणजे काय, जत्राच! आता गंमत ऐका. या बाईंना जपानी कळेना. कळायची फक्त कन्नड. बरोबर गेलेले माहूत काही दिवस तिथे थांबले आणि जपानी रखवालदारांनी हत्तीसाठी कन्नड हुकूम पाठ केले. पुढच्या वर्षी इंदिरा जपानभर फिरून आली. गावोगावच्या पोरांनी आयुष्यातला पहिला हत्ती पाहिला.

बाकीचं थोडक्यात. १९४६ च्या निवडणुकीत जपानी बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, ३९ जणी निवडून आल्या. जमीनदारांची शेती कुळांना मिळाली. १९४७ च्या राज्यघटनेत नववं कलम आलं: युद्धाचा हक्क कायमचा सोडला. रक्षणाचा भार अमेरिकेवर, आपण कारखाने चालवायचे, असं धोरण ठरलं. त्या कारखान्यांना लोखंड लागे, आणि त्यातलं पुष्कळसं खनिज आपल्या गोव्यातून जायचं.

१९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तह झाला, त्याला भारत गेला नाही. आपण ९ जून १९५२ ला वेगळा तह केला आणि नुकसानभरपाई सोडून दिली. पुन्हा सांगतो, भरपाई सोडून दिली. जपानने १९५८ मध्ये येनमधलं पहिलं कर्ज दिलं, ते भारतालाच. माझं आपलं मत, सुरुवात हत्तिणीने केली होती. अर्थतज्ज्ञ हसतील, हसोत.

१९५७ च्या ऑक्टोबरात नेहरू जपानला गेले, तेव्हा उएनोत तिला भेटायला गेले. बरोबर लेक होती. एका इंदिरेने दुसऱ्या इंदिरेला पाहिलं.

नमस्कार.