सुपारीचं तांबं

(दृश्य: नागपूरची पानटपरी, पन्नीवर चाललेला तळहात)

सकाळची गिऱ्हाइकी. सुपारीची खांडं, तंबाखू, चुना पन्नीत टाकून खर्रा घोटणं सुरू आहे. घोटून झाला की गालात जातो आणि तासन्‌तास तिथेच राहतो. बोल लागतो तो तंबाखूला. सुपारीचं नाव कुणी घेत नाही.

(दृश्य: अडकित्ता, कातरलेली सुपारी)

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक म्हटलंय. सुपारीत तांबं भरपूर असतं. चघळताना ते लाळेत उतरतं. गालाच्या आतल्या थरात लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम आहे, ते चालतंच तांब्यावर. कोलॅजन म्हणजे गालाला आधार देणारं प्रथिन, त्याचे धागे एकमेकांत गुंतवून घट्ट करणं हे त्याचं काम. तांबं वाढलं की त्याला जोर चढतो. जुने धागे कापणारं कोलॅजनेज असतं, पण इतक्या आवळलेल्या विणीत त्याचं काही चालत नाही.

(दृश्य: दंतवैद्याची खुर्ची, रुग्णाची बोटं)

तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत. यांचं दीडच जातंय. आधी तिखट झोंबायला लागलं, मग गाल ताठ झाला. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारी सोडली तरी ही वीण सहसा सैल होत नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा, ट्रेमधली निळी जेल)

ही जेल नीट बघा. हिच्यात जिलेटिन मिसळलंय. एका रांगेत तोंडाच्या कर्करोगाच्या गाठीचा अर्क, शेजारच्या रांगेत त्याच रुग्णाच्या निरोगी गालाचा. वीजप्रवाहाने प्रथिनं खाली सरकली. मग जेल धुऊन रात्रभर ३७ अंशांवर, म्हणजे अंगाच्या उबेत ठेवली. सकाळी निळा रंग चढवला. जिथे एन्झाइमने जिलेटिन खाल्लं, तिथे रंग धरलाच नाही. हे दोन पांढरे पट्टे म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या दोन एन्झाइमांच्या खुणा: वरचा एमएमपी-९, खालचा एमएमपी-२. गाठीच्या रांगेत ते ठळक आहेत. पेशींच्या थराखाली जो पातळ पडदा असतो, तो हीच एन्झाइमं कुरतडतात, आणि कर्करोगाच्या पेशींना खाली उतरायला वाट मिळते.

फायब्रोसिसच्या रुग्णांवर भारतात १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यातल्या ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला.

(दृश्य: लग्नाची पंगत उठल्यावरचं तबक)

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. हे तबक मात्र लग्नातलं. बडीशेप, खडीसाखर, आणि गुलाबी रंगाची गोड सुपारी. मूठ भरून घेणारा हा हात सात-आठ वर्षांच्या मुलाचा आहे.